बाबांचा सीईए ६.४ आलाय. हा आकडा वाचायचा कसा?

पाणकणीस
शुक्रवार, रात्री ११:३०

पाऊण तासापूर्वी लॅबचा मेसेज आला. सीईए म्हणजे कॅन्सर परत येतोय का यावर लक्ष ठेवायला करतात ती रक्ततपासणी, ट्यूमर मार्कर म्हणतात तो. बाबांचा सीईए ६.४. शेजारी लाल अक्षरात 'हाय' आणि खाली बारीक टायपात "५ पेक्षा कमी असावा". डॉक्टरांची वेळ मंगळवारची आहे. बाबा झोपलेत, त्यांना सांगितलेलं नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "अगं, थोडासाच तर वाढलाय." पण आवाजावरून कळलं की आज त्यालाही झोप नाही. म्हणून इथे लिहितेय.

बाबा ६७ वर्षांचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, सिग्मॉइड भागात. ऑपरेशनला १४ महिने झाले. काढलेल्या १९ लिम्फ नोडपैकी (लसिका ग्रंथींपैकी) २ मध्ये सापडला म्हणून तिसरी स्टेज. त्यानंतर ऑक्सालिप्लाटिनची सलाइन आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, अशी चार सायकल केमो झाली. वर्षाची कोलोनोस्कोपी दोन महिन्यांपूर्वी झाली, ती एकदम स्वच्छ. सीटी स्कॅन पुढच्या महिन्यात ठरलाय.

बाबांची एक वही आहे, तीत ते सीईएचे आकडे लिहून ठेवतात. समोरच उघडी आहे, तशीच उतरवते:

ऑपरेशनच्या आधी १८.६
ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी २.१
दुसऱ्या केमोनंतर ३.८
केमो संपल्यावर २.३
आठव्या महिन्यात २.०
अकराव्या महिन्यात २.२

आणि आज ६.४. हे अजून वहीत नाही.

मला कुणी खोटा धीर देऊ नका. आकडा वाढला म्हणजे परत आलाच का? आतडं आतून स्वच्छ आहे तर हा वाढला कुठून? आणि लॅबची चूक असू शकते का, की हे मी स्वतःला समजावतेय?

*

रानपाखरू
शुक्रवार, रात्री ११:४८

पाणकणीस, जागी आहे मी. वैद्यकीय काही कळत नाही, पण तीन केमोंना सासऱ्यांबरोबर खुर्चीत बसून काढल्यात, त्यामुळे ही रात्र माहिती आहे. हे रिपोर्ट रात्री अकराला पाठवायची काय गरज असते यांना?

*

काचपट्टी
शनिवार, सकाळी ६:५५

आत्ता वाचलं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, कॅन्सरवर उपचार करणारी डॉक्टर नाही, आणि तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सगळ्यात आधी एक काम करा. हा रिपोर्ट आणि अकराव्या महिन्याचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. लॅब तीच आहे का? तीच असली तरी निकालाच्या खाली 'पद्धत' म्हणून काय छापलंय ते बघा. ईसीएलआयए, सीएलआयए, सीएमआयए असं काहीतरी असेल. ती ओळ कुणी वाचत नाही, आणि अर्धी भीती तिथेच दडलेली असते.

कारण असं. सीईए हे साखरेचं आवरण असलेलं प्रथिन. रक्तातलं त्याचं प्रमाण मोजायला प्रत्येक कंपनी आपापल्या अँटिबॉडी वापरते, आणि त्या या प्रथिनाला वेगवेगळ्या जागी पकडतात. त्यामुळे एकाच नळीतलं रक्त दोन मशीनवर लावलं तर एक ४ म्हणेल, दुसरं साडेपाच. दोन्ही बरोबर. चूक होते ती एकाचा आकडा दुसऱ्याच्या रांगेत लिहिल्यावर. चांगली लॅब मशीन बदलते तेव्हा काही काळ जुन्या रुग्णांचे नमुने दोन्ही पद्धतींनी करून देते, ते यासाठीच.

आता "परत आलाच का". एका आकड्यावरून कुणीही हो म्हणू शकत नाही. नाहीही म्हणू शकत नाही. १९६५ साली मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना हे प्रथिन आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींत सापडलं. गर्भाच्या आतड्यातही असतं, म्हणून नावात, कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेनमध्ये, 'एम्ब्रिऑनिक' आलं. तेव्हा वाटलं होतं की रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर सापडणार. पुढे कळलं की निरोगी मोठ्या माणसातही ते थोडं असतंच. सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त असतं. सिऱ्हॉसिस, कावीळ, स्वादुपिंडाची सूज, आतड्याची जुनी सूज, फुप्फुसाचे जुने आजार, थायरॉइड मंद असणं, किडनी थकणं, या सगळ्यांत ते वाढू शकतं. लिव्हरचा संबंध तर थेट आहे, कारण सीईए रक्तातून काढून टाकायचं काम लिव्हरच करतं. लिव्हर कुरकुरलं की सीईए साचतं.

पण या इतर कारणांनी वाढलेला आकडा सहसा दहाच्या आत राहतो आणि तिथेच घुटमळतो. गाठीमुळे वाढणारा दर वेळी वर सरकतो. म्हणून आजच्या आकड्यापेक्षा पुढचा आकडा जास्त बोलतो.

आतडं स्वच्छ असण्याबद्दल: कोलोनोस्कोपी आतड्याच्या आतली भिंत दाखवते. हा कॅन्सर परत येतो तेव्हा बरेचदा आतड्यात येतच नाही. आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरला जातं, म्हणून लिव्हर पहिलं. मग फुप्फुस. तिथे दुर्बीण पोचत नाही. त्यासाठी स्कॅन आणि त्यासाठीच हा सीईए. स्वच्छ कोलोनोस्कोपीचा आनंद माना, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

*

पाणकणीस
शनिवार, सकाळी ८:१०

काचपट्टी, लॅब वेगळी आहे!! दर वेळी घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा सुट्टीवर होता म्हणून या वेळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये दिलं. जुन्या रिपोर्टखाली ईसीएलआयए, नव्याखाली सीएलआयए. जुन्या लॅबला फोन केलाय, उद्या सकाळी येतायत.

बाबा सिगारेट ओढत नाहीत. थायरॉइडची गोळी आहे, पण ती दहा वर्षांपासून.

*

गणितमास्तर
शनिवार, सकाळी ९:०२

बाबांची वही आवडली. त्या आकड्यांत एक सुंदर गणित लपलंय, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाठ काढली की नवं सीईए यायचं थांबतं आणि रक्तातलं ढोबळमानाने दर आठवड्याला निम्मं होत जातं. बाबांचं स्वतःचं, निरोगी सीईए २ धरा. म्हणजे १८.६ मधलं १६.६ गाठीचं. आठवड्याने ८.३, मग ४.१५, मग २.१, मग १, मग अर्धा, सहाव्या आठवड्याला पाव. २ अधिक पाव. लॅब म्हणाली २.१. जमलं! म्हणूनच ऑपरेशननंतरची तपासणी चार ते सहा आठवडे थांबून करतात. दहाव्या दिवशी केली असती तर आठाच्या आसपास आला असता आणि घरात रडारड झाली असती.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, बाबांची गाठ सीईए बनवणारी होती, म्हणजे त्यांच्यासाठी हा पहारेकरी कामाचा आहे. दोन, त्यांची रेषा ५ वर नाही, २ वर आहे. रिपोर्टवरचा ५ हा आख्ख्या लोकसंख्येसाठी छापलेला आकडा आहे. तुम्ही २ पासून मोजा.

*

पाणकणीस
शनिवार, सकाळी ९:२०

आणि मधलं ३.८? तेव्हाही आम्ही असेच घाबरलो होतो. डॉक्टर म्हणाले "केमोत होतं असं" आणि पुढे गेले.

*

काचपट्टी
शनिवार, दुपारी १:४०

बरोबर म्हणाले. नवी केमो सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत, विशेषतः ऑक्सालिप्लाटिन असेल तर, सीईए तात्पुरता उसळू शकतो. औषधाने लिव्हरला होणारा त्रास हेही एक कारण, आणि गाठ असलेल्यांत मरणाऱ्या पेशींतून ते बाहेर सांडतं. त्या काळातल्या वाढीवरून कुणी केमो बदलत नाही. नंतर २.३ झाला, विषय संपला.

आणि २.०, २.२, २.३ यांत फरक शोधू नका. एकच नमुना सकाळी आणि दुपारी त्याच मशीनवर लावला तरी एवढा फरक येतो. दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर लोकांनी रात्री जागवलेल्या मी पाहिल्यात.

*

सहावं वर्ष
शनिवार, दुपारी ४:१५

मी स्वतः रुग्ण. गुदाशयाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, ऑपरेशनला सहावं वर्ष चालू. आयडी तेव्हाच घेतला, दर वर्षी बदलायचा आळस म्हणून आता हाच राहणार.

माझा सीईए नेहमी दोनच्या आतबाहेर. तिसऱ्या वर्षी एकदम ५.१. बायको शेजारी बसलेली, डॉक्टरांनी कागद बघून शांतपणे विचारलं, "सिगारेट परत सुरू केली का?" मी नाही म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं. मग हो म्हणालो. दिवसाला आठ-दहा चालू होत्या, गच्चीवर. स्कॅन केला तो स्वच्छ निघाला, सिगारेट सोडल्या, काही महिन्यांत आकडा परत खाली आला. कॅन्सरमुळे जेवढी बोलणी खाल्ली नव्हती तेवढी त्या ५.१ मुळे खाल्ली.

आमच्या घरी तेव्हापासून नियम आहे. रिपोर्ट बायको उघडते, मला डॉक्टरांसमोरच कळतो. ज्याला जे झेपेल ते. पण पाणकणीस, बाबांपासून लपवू नका असं माझं मत. रुग्णाला चेहऱ्यावरून कळतं. मला कळायचं.

*

ओलावा
शनिवार, रात्री ९:३०

सगळे वाढलेल्या आकड्याबद्दल बोलतायत, मला उलटं सांगायचंय. आईचा सीईए ऑपरेशनच्या आधीही १.४ होता. एवढी मोठी गाठ असून. आम्हाला वाटलं, वा, म्हणजे सौम्य असेल. नंतर दर तीन महिन्यांनी १.३, १.५, १.४. दीड वर्षाने सीटीत फुप्फुसात दोन ठिपके. त्या आठवड्यातला सीईए १.४. आम्ही त्या आकड्यावर इतके विसंबलो होतो की एक स्कॅन पुढे ढकलला होता. तो राग अजून स्वतःवरच आहे.

*

काचपट्टी
शनिवार, रात्री १०:१०

ओलावा, वाईट वाटलं. आणि हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

काही गाठी सीईए बनवतच नाहीत, किंवा बनवतात पण रक्तात सोडत नाहीत. पेशी जितक्या ओबडधोबड, रिपोर्टवर 'पुअरली डिफरन्शिएटेड' लिहिलेलं असतं तशा, तितकं सीईए कमी असा साधारण अनुभव आहे. ऑपरेशनच्या आधीचा आकडाच नॉर्मल असेल तर पुढे त्याच्यावर कमी भार टाकायचा. पूर्ण सोडायचा नाही, कारण काहींत परतताना वाढतो. पण त्यावरून स्कॅन पुढे ढकलायचा नाही.

आकड्यांतच सांगायचं तर, २०१५ साली कॉक्रन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. ५ ही रेषा धरली तर कॅन्सर परतलेल्या १०० जणांपैकी ७१ पकडले जातात, २९ सुटतात. आणि ज्यांचा परतलेला नाही अशा १०० पैकी १२ जणांना उगाच घाबरवलं जातं. रेषा १० वर नेली तर उगाच घाबरणारे ३ च उरतात, पण पकडले जाणारेही ६८ होतात. अडीचवर आणली तर ८२ सापडतात आणि २० जण विनाकारण रात्र जागवतात. रेषा कुठेही आखा, कुणाची तरी झोप जाते.

*

तिरकस
रविवार, सकाळी १०:४५

एक कडू प्रश्न. या सगळ्या तपासण्यांनी माणसं जास्त जगतात का? ब्रिटनमध्ये १२०२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला होता. काहींचा नियमित सीईए, काहींचा नियमित सीटी, काहींचं दोन्ही, काहींना त्रास झाला तरच बघायचं. एकूण मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. मग दर तीन महिन्यांनी हा छळ कशाला?

आणि आता निरोगी माणसांच्या हेल्थ चेकअपमध्येही सीईए घुसवतात. माझ्या धडधाकट मेहुण्याचा ५.८ आला, दोन महिने घर हादरलेलं. निघालं काय? काही नाही.

*

काचपट्टी
रविवार, दुपारी १२:२०

दुसरा मुद्दा आधी, कारण तिथे शंभर टक्के सहमत. ज्याला कॅन्सर नाही त्याने सीईए करू नये. पहिल्या टप्प्यातल्या बहुतेक गाठींत तो वाढलेलाच नसतो, म्हणजे खरा आजार सुटतो आणि तुमच्या मेहुण्यासारखे घाबरतात. आतड्याचा कॅन्सर वेळेत शोधायला शौचातलं न दिसणारं रक्त तपासतात आणि कोलोनोस्कोपी करतात. मेहुण्यांचं वय ४५ च्या पुढे असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोलायला हवं, सीईएबद्दल नाही.

पहिला मुद्दा अर्धवट सांगितलात. त्याच अभ्यासात, परतलेला कॅन्सर बरा करण्याच्या उद्देशाने ऑपरेशन करता आलं असे लोक त्रास झाल्यावरच बघण्याच्या गटात २.३ टक्के होते, सीईएच्या गटात ६.७ आणि सीटीच्या गटात ८. म्हणजे वेळेत सापडून ऑपरेशनची दारं उघडी राहणारे जवळपास तिप्पट. मृत्यूंमध्ये तो फरक दिसला नाही, हेही खरंच. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी, असं वेळापत्रक त्यामुळेच टिकून आहे. ज्याची तब्येत परत ऑपरेशन किंवा केमो सोसणारच नाही, त्याला मात्र ही तपासणी कशाला करता असं डॉक्टरांना जरूर विचारावं.

*

तिरकस
रविवार, दुपारी १२:४१

मान्य. छळ शब्द मागे घेत नाही.

*

गोंधळलेली
रविवार, संध्याकाळी ७:०५

मध्येच घुसतेय, सॉरी. माझ्या काकूंना सीईएबरोबर सीए १९-९ पण करायला लावलाय. तो ०.८ आला. इतका कमी म्हणजे चांगलं ना? आणि हे उपाशीपोटी द्यायचं असतं का? आणि बायोप्सीत 'केरास' लिहिलंय, तोही मार्करच का?

*

काचपट्टी
रविवार, रात्री ८:५०

उपाशी राहायची गरज नाही, वेळही कुठलीही चालते.

सीए १९-९ मुख्यतः स्वादुपिंड आणि पित्तनलिकेसाठी. आतड्यासाठी नेमाने करावा अशी शिफारस नाही, काही डॉक्टर जोडीला करतात. गंमत अशी की ५ ते १० टक्के लोकांच्या शरीराला हा रेणू बनवताच येत नाही. लुईस नावाच्या रक्तगटाशी संबंधित गोष्ट आहे ती. अशांचा आकडा कायम शून्याला चिकटलेला असतो, गाठ असो वा नसो. काकू त्यातल्या असतील तर त्या ०.८ ला चांगलाही अर्थ नाही, वाईटही नाही.

केरास वेगळी गोष्ट. ती गाठीच्या तुकड्यावर करायची जनुकाची तपासणी, कुठलं औषध चालेल ते ठरवायला. ती एकदा होते. सीईएसारखी वरखाली होत नाही.

आणखी एक, कुणी विचारलं नाही तरी सांगते. केमोनंतर केस जातात, नखं खराब होतात, म्हणून बरेच जण बायोटिनच्या गोळ्या घेतात. शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम, या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं. काही मशीनची पद्धतच बायोटिनवर उभी आहे. रक्तातलं जादा बायोटिन तिथे जाऊन बसतं आणि सीईए खोटा कमी दिसतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल इशारा दिला होता. रक्त देताना लॅबला सांगा, आणि किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा. लोक औषधांची यादी सांगतात, या गोळ्या त्या यादीत धरतच नाहीत.

*

पाणकणीस
मंगळवार, रात्री ८:३०

अपडेट. जुन्या लॅबचा आकडा काल आला: ४.९. पाचाच्या आत, शेजारी 'हाय' नाही. दादाने घरात अक्षरशः उडी मारली. मी बाबांना दोन्ही आकडे एकदम सांगितले. ते म्हणाले, "मला शनिवारीच कळलं होतं, तू वही चुकीच्या पानावर उघडी ठेवलीस." सहावं वर्ष, तुमचं बरोबर होतं.

आज डॉक्टरांकडे आम्ही जवळजवळ हसत गेलो. त्यांनी वही मागून घेतली. ६.४ वर पेन्सिलने हलकी रेघ मारली आणि म्हणाले, हा दुसऱ्या लॅबचा, बाजूला ठेवू. मग २.२ वर बोट ठेवलं आणि ते ४.९ वर आणलं. "तीच लॅब, तीच पद्धत. तीन महिन्यांत दुप्पट." मी म्हटलं, पण हे नॉर्मलमध्ये आहे ना? तर म्हणाले, "कागदाच्या नॉर्मलमध्ये आहे, यांच्या नाही."

लिव्हरच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या आजच झाल्या. चार आठवड्यांनी परत सीईए, त्याच लॅबमध्ये, आणि ठरलेला सीटी त्याच आठवड्यात. गणितमास्तर, तुम्ही २ पासून मोजा म्हणाला होतात. वाचलं होतं, पण ४.९ बघून सोयीस्कर विसरले.

*

गणितमास्तर
मंगळवार, रात्री ९:१५

मीही तो ४.९ वाचून आधी हुश्श केलं होतं, खरं सांगतो.

*

वाटसरू
बुधवार, दुपारी ३:२५

चार आठवडे थांबायचं कशाला? हल्ली रक्तातला गाठीचा डीएनए बघतात म्हणे, ती तपासणी करून टाका.

*

काचपट्टी
बुधवार, रात्री ९:५५

थांबण्यात अर्थ आहे. आठवड्याभरात परत केलं तर फरक इतका लहान येतो की तो मशीनचा की गाठीचा हे सांगता येत नाही. महिन्याने दिशा दिसते.

डीएनएची तपासणी खरी आहे, पुढे तिचं महत्त्व वाढणार. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाचा एक अभ्यास आला, दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांचा. ऑपरेशननंतर केमो द्यायची की नाही हे या तपासणीवरून ठरवलं, तर केमो घेणारे २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले आणि कॅन्सर परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण तो प्रश्न वेगळा होता. पाणकणीसच्या बाबांच्या बाबतीत डीएनए सापडला तरी पुढचा प्रश्न "कुठे?" हाच. त्याचं उत्तर स्कॅनच देणार आणि तो तर होतोच आहे.

*

पाणकणीस
पाच आठवड्यांनंतर, गुरुवार

सीईए ६.३. लिव्हर फंक्शन, थायरॉइड दोन्ही ठीक. सीटीत लिव्हरच्या उजव्या भागात २.१ सेंटीमीटरचा एक डाग. फुप्फुसं स्वच्छ. नंतर एमआरआय केला, त्यातही एकच आहे.

कॅन्सरचे डॉक्टर, लिव्हरचे सर्जन, रेडिओलॉजिस्ट असे सगळे एकत्र बसून पुढच्या आठवड्यात ठरवणार. सर्जन म्हणाले की एकच आहे, लहान आहे आणि काढता येईल अशा जागी आहे. लिव्हर परत वाढतं, तो भाग काढला तरी. दादा आता दर अर्ध्या तासाने लिव्हरबद्दल एक नवीन गोष्ट पाठवतो.

बाबांनी वहीत ६.३ लिहिलं आणि एक नवा रकाना आखला: 'लॅब'. जुन्या सगळ्या ओळींसमोर नाव भरलं. कोपऱ्यावरच्या लॅबच्या ओळीसमोर 'परकी' लिहिलंय.

*

सहावं वर्ष
पाच आठवड्यांनंतर, गुरुवार रात्री

'परकी' वाचून हसलो आणि मग बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बाबांना नमस्कार सांगा.

*

ओलावा
पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार

एकच आणि लहान, हे दोन शब्द आम्हाला ऐकायला मिळाले नव्हते. तुमच्या बाबांच्या गाठीने खबर तरी दिली. कळवत राहा.

*

तिरकस
पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार

मी वर जे लिहिलं ते अभ्यासाबद्दल होतं, तुमच्या बाबांबद्दल नव्हे. सर्जनला एक विचारा: ऑपरेशनच्या आधी सीईए परत करणार ना? नंतरच्या उतरणीला सुरुवातीचा आकडा लागेल.

*

पाणकणीस
पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार

विचारलं. करणार आहेत. आभार, तिरकस. मनापासून.

*

पाणकणीस
चार महिन्यांनंतर, सोमवार

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

ऑपरेशन झालं. त्या सकाळचा सीईए ७.१ होता. लिव्हरचा तेवढा तुकडा काढला, कडा स्वच्छ आल्या, बायोप्सीत आतड्याचाच कॅन्सर निघाला. दहाव्या दिवशी घरी आले. सहा आठवड्यांनी रक्त घ्यायला तोच मुलगा आला. बाबांनी त्याला आधी विचारलं, "मशीन बदललंत का?" त्याला काही कळलं नाही, त्याने लॅबला फोन लावून विचारलं. बदललेलं नाही. आकडा १.९.

आता थोडी केमो आहे. डॉक्टर म्हणाले, मध्ये उसळला तर घाबरू नका. बाबा म्हणाले, माहितीये, ३.८.

गेल्या आठवड्यात त्यांनी लॅबच्या ॲपचा पासवर्ड बदलून घेतला. पुढचा रिपोर्ट आधी ते बघणार, आणि वाटलं तर मला सांगणार.